तुम्ही विचारलंत म्हणून: दुसऱ्याच्या औषधासाठी गांजा लावता येतो का?

प्रश्न साधारण असा येतो. "ताई, आमच्या काकूंकडे मेडिकल कार्ड आहे. केमोनंतर त्यांना अन्न जात नाही, गांजाने जरा भूक लागते. त्यांच्याच्याने कुंड्या सांभाळणं होणार नाही. आमच्या बेसमेंटमध्ये जागा आहे. चार झाडं मी लावली तर चालतंय ना?" विचारणारे ट्रॉय, नोव्हाय, कँटन अशा डेट्रॉइटच्या आजूबाजूच्या गावांतले मराठी लोक. मी वकील नाही, वकिलाच्या ऑफिसात कागदपत्रं तयार करते. पण आरती झाली की प्रसादाच्या रांगेत कुणीतरी मला हळूच बाजूला घेतंच.

मेडिकल कार्ड म्हणजे रुग्णाला औषध म्हणून गांजा वापरायला राज्याने दिलेलं कार्ड. मिशिगनच्या कायद्यात हे बसतं. फक्त "मी काकूंना मदत करतोय" एवढं त्याला पुरत नाही. तुमचं नाव काकूंच्या नावाशी सरकारी नोंदीत जोडलेलं असावं लागतं. ते जोडलेलं असेल तर तुम्ही केअरगिव्हर. नसेल तर तुमच्या मनात कितीही माया असो, औषधाच्या कायद्यापुरते तुम्ही परके.

इथला मेडिकल मारिजुआनाचा कायदा 2008 च्या नोव्हेंबरमध्ये लोकांनी थेट मतदानाने आणला. त्यात केअरगिव्हर 21 वर्षांचा असावा लागतो आणि ड्रग्जच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली चालत नाही. एका केअरगिव्हरला जास्तीत जास्त पाच रुग्ण, आणि एका रुग्णाला एकच केअरगिव्हर. दर रुग्णामागे 12 झाडं आणि वापरण्याजोगा सुका माल अडीच औंस, म्हणजे सत्तरेक ग्रॅम. पाच रुग्णांची 60 झाडं, आणि केअरगिव्हर स्वतःच रुग्ण असेल तर त्याची 12 धरून 72. तीही केव्हा, तर झाडं केअरगिव्हरकडे राहतील असं रुग्णाने अर्जात लिहून दिलं असेल तेव्हा. काकूंनी "माझ्याकडे राहतील" यावर खूण केली असेल, तर तुमच्या बेसमेंटमधलं पहिलंच झाड जास्तीचं.

आता 12 म्हणजे नेमकी किती, इथे लोक हमखास घसरतात. आपण मोठी, फुलावर आलेली झाडं मोजतो. कायदा मुळं दिसतात का ते बघतो, किंवा रोप माती-बितीत, वाढीच्या माध्यमात लावलंय का ते बघतो. तुम्ही मोठ्या झाडाच्या फांद्या कापल्या आणि मुळं फुटावीत म्हणून रॉकवूलच्या, म्हणजे दगडी तंतूंच्या, ओल्या ठोकळ्यांत खोचून ट्रेमध्ये ठेवल्या, तर बोटभर उंचीची ती प्रत्येक काडी एक झाड धरली जाते. मोठी 12 आणि ट्रेमध्ये 20 काड्या असतील तर एका रुग्णासाठी तुमच्याकडे 32 झाडं झाली. निम्म्या काड्या आठवड्यात वाळून जाणार, हे तुम्हाला ठाऊक असतं, पण मोजायला येणाऱ्याला त्याचं काही नसतं.

दुसरी अट कुलपाची. झाडं चारी बाजूंनी बंद आणि कुलूपबंद जागेत हवीत, आणि आत जाण्याची मुभा फक्त नोंदलेल्या केअरगिव्हरला किंवा त्या रुग्णाला. यावर आपल्या लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला: "डिसेंबरात सहा आठवडे पुण्याला जातोय. पाणी बायको घालेल." बायकोच्या नावावर नोंद नाही. तिच्या हातात त्या खोलीची किल्ली गेली की अटकेपासून मिळणारं संरक्षण डळमळीत झालंच म्हणून समजा. कोर्टात बचाव मांडायची वेगळी वाट कायद्यात आहे, पण ती वापरायची वेळ येते तेव्हा आधी बेड्या पडलेल्या असतात आणि वकिलाची फी चालू झालेली असते. शेजाऱ्याकडे घराची किल्ली ठेवून निर्धास्त गावाला जाणाऱ्या आपल्यासारख्यांना हा नियम विचित्र वाटतो. मलाही वाटतो. आजारी माणसाचं औषध एकाच माणसाच्या हातावर टांगून ठेवायचं आणि त्या माणसाने सुट्टीवरही जायचं नाही, हे मला पटत नाही.

पाच रुग्णांची मर्यादा मात्र मला पटते. ती काढली की केअरगिव्हर आणि दुकानदार यांत फरक उरत नाही. कायद्याप्रमाणे केअरगिव्हरने आपल्या रुग्णाकडून खर्च घ्यायला हरकत नाही. वीज, खत, दिवे, वेळ, सगळं धरा. त्याला विक्री म्हणत नाहीत. पण फक्त आपल्या रुग्णाकडून.

"आम्ही चार जण मिळून एकच जागा भाड्याने घेतो, आपापली झाडं आपापली" ही कल्पनाही बऱ्याचदा ऐकू येते. ग्रँड रॅपिड्समध्ये हे झालेलं आहे. एका केअरगिव्हरने गोदामातली जागा घेतली होती. त्याच्या नावावर दोन रुग्ण, म्हणजे हिशेबाने 24 झाडं. तिथे सापडली ऐंशीच्या वर. बाकीची इतर रुग्णांची आणि केअरगिव्हरांची, मी फक्त जागा आणि हात लावतो, असं त्याचं म्हणणं. 2012 च्या डिसेंबरात मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की त्या सगळ्या झाडांवर ताबा त्याचाच होता आणि सामुदायिक लागवडीला या कायद्यातलं अटकेपासूनचं संरक्षण नाही.

लगेच पुढच्या फेब्रुवारीत माउंट प्लेझंटच्या प्रकरणाचा निकाल आला. तिथे एक दुकान होतं, त्यात रुग्णांनी लॉकर भाड्याने घेऊन आपला उरलेला माल ठेवायचा आणि दुसऱ्या कार्डवाल्यांना विकायचा. कार्ड दोघांकडेही. न्यायालय म्हणालं, एका रुग्णाने दुसऱ्या रुग्णाला विकणं कायद्यात बसत नाही. म्हणून तुमच्या झाडांना माल जास्त आला आणि काकूंच्या भिशीतल्या कुणा मैत्रिणीकडेही कार्ड आहे, तर केअरगिव्हर म्हणून तुम्ही तिला काहीही देऊ शकत नाही. तिच्या नोंदीत तुमचं नाव नाही. आणि माल जास्त येतोच. चांगल्या दिव्याखाली वाढवलेलं एकच झाड अडीच औंसांच्या पुढे सहज जातं. कापून वाळत घातलेला ओला माल या हिशेबात कुठे धरायचा, यावर इथल्या कोर्टांत बरंच डोकं चाललंय.

यावर हुशार लोक विचारतात, "पण 2018 नंतर तर सगळ्यांनाच मोकळीक झाली ना?" झाली. त्या वर्षीच्या मतदानानंतर 21 वर्षांवरच्या कुणालाही स्वतःच्या वापरासाठी राहत्या घरी 12 झाडं लावता येतात. ही 12 घरटी आहेत, माणशी नाहीत. नवरा, बायको आणि मोठा मुलगा मिळून 36 होत नाहीत. शिवाय 21 वर्षांवरच्या दुसऱ्या माणसाला अडीच औंसांपर्यंत फुकट देता येतं, जाहिरात न करता. म्हणून काकूंना थोडंफार द्यायचं एवढंच मनात असेल तर केअरगिव्हर होण्याची गरजच नाही. घरच्या झाडांतलं त्यांना द्या, पैसे घेऊ नका, चहालासुद्धा नाही. किंवा त्यांना दुकानात घेऊन जा. आता दुकानं कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत, आणि तिथल्या मालाची बुरशी-कीटकनाशकांसाठी तपासणी होते. तुमच्या बेसमेंटमधल्या मालाची कोण करणार? केमो चालू असलेल्या माणसासाठी मला तरी हीच बाब झाडांच्या आकड्यापेक्षा मोठी वाटते.

आणि आता जे कुणी विचारत नाही, ते मीच विचारते: तुमचा पासपोर्ट कोणता?

आतापर्यंतचं सगळं मिशिगन राज्याचं झालं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात घरी गांजा लावायला परवानगी नाही, रुग्णासाठीही नाही. 2005 चा गोन्झालेस विरुद्ध रेच हा खटला याच मुद्द्यावरचा. कॅलिफोर्नियातल्या एका गंभीर आजारी बाईसाठी तिचे दोन केअरगिव्हर फुकट गांजा लावत होते, दुसरी रुग्ण स्वतःची सहा झाडं लावत होती. एका पैशाचीही विक्री नाही, माल राज्याबाहेर गेला नाही, राज्याच्या कायद्यात सगळं चोख. तरी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी सांगितलं की केंद्र यावर बंदी घालू शकतं.

प्रत्यक्षात केंद्राचे लोक काकूंच्या चार झाडांसाठी दार ठोठावत नाहीत. 2014 पासून बजेटमध्ये वर्षानुवर्षे एक कलम येतं, की राज्यांच्या मेडिकल कायद्यांच्या आड येण्यासाठी न्याय खात्याने पैसा खर्च करायचा नाही. पण ते न्याय खात्यापुरतं. ग्रीन कार्ड आणि नागरिकत्वाचे अर्ज होमलँड सिक्युरिटी या वेगळ्या खात्याकडे जातात. तिथल्या इमिग्रेशन विभागाने 2019 च्या एप्रिलमध्ये लेखी स्पष्ट केलं की राज्यात कायदेशीर असलं तरी गांजाशी संबंधित कृत्यामुळे अर्जदाराचं "चांगलं चारित्र्य" नाकारलं जाऊ शकतं. शिक्षा झालेली असायलाच हवी असं नाही, स्वतः दिलेली कबुलीही पुरते. नागरिकत्वाच्या अर्जात अमली पदार्थाची लागवड किंवा वाटप केलंय का, असा सरळ प्रश्न असतो आणि उत्तर शपथेवर द्यायचं असतं. हो म्हणालात तर लागवड कबूल. नाही म्हणालात तर खोटी शपथ, आणि ती त्याहून वाईट.

म्हणून एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या किंवा ग्रीन कार्डची वाट बघणाऱ्या माणसाला माझं उत्तर एका शब्दाचं असतं: नको. ग्रीन कार्ड हातात आलेल्यालाही नकोच. काकूंच्या घरात कुणी जन्माने किंवा शपथ घेऊन नागरिक झालेलं असेल, तर केअरगिव्हर म्हणून त्याचं नाव घाला. बहुतेक घरांत असा एखादा भाचा-पुतण्या असतो. तो 21 चा झाला असेल तर झाडं त्याच्या घरी, किल्ली त्याच्या खिशात. त्याचं घर भाड्याचं असेल तर करार आधी वाचा, कारण घरमालक करारात लागवडीला मनाई करू शकतो. टाउनशिपचे, म्हणजे गावच्या स्थानिक कारभाराचे, झोनिंगचे (कुठल्या भागात काय चालतं त्याचे) नियमही बघा. ही लागवड कुठे करायची ते ठरवण्याचा टाउनशिपचा अधिकार मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये मान्य केलाय.

राहिला शेवटचा प्रश्न, तो दर उन्हाळ्यात कुणीतरी हसत हसत विचारतं: "इथल्या बिया नेऊन गावाकडच्या परसात लावल्या तर? आईच्या गुडघ्यांना..." नाही. भारतात अमली पदार्थांविरुद्धचा 1985 चा एनडीपीएस कायदा आहे. परवान्याशिवाय गांजाचं झाड लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो. घरी दुसऱ्या रुग्णासाठी लावण्याची कार्डवाली सोय तिकडे नाही, आणि आईच्या सातबाऱ्यावर सापडलेल्या झाडाबद्दल पोलीस आधी आईलाच विचारणार.