मीठ आणि माती

२० ऑगस्ट, धुळे

सकाळी पावसानं उघडीप दिली आणि गोंदूरच्या धावपट्टीवरची शिकाऊ विमानं पुन्हा घरावरून घिरट्या घालू लागली. इवलंसं विमान, आत एक शिकणारा, एक शिकवणारा. आजच्या तारखेला ते दिसलं की मला मतिउर रहमान आठवतो.

२० ऑगस्ट १९७१. कराचीचा मसरूर हवाई तळ. फ्लाइट लेफ्टनंट मतिउर, वय २९, पाकिस्तानी हवाई दलात वैमानिकांना शिकवणारा बंगाली. मार्चमध्ये पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या ढाक्यात पाकिस्तानी सैन्यानं बंगाल्यांची कत्तल सुरू केली तेव्हा तो रजेवर होता. नरसिंगदीकडच्या आपल्या रामनगरात पोरं गोळा करून त्यानं त्यांना लढायला शिकवलं. तिथंच राहता आलं असतं. पण मे महिन्यात तो कराचीला परतला, बांगलादेशच्या लढ्यासाठी विमान आणायचं मनात धरून. पदरी बायको, दोन चिमुकल्या मुली. तोवर बंगाली वैमानिकांचं उडणं बंद करून त्यांना जमिनीवरची कामं दिलेली. त्या दिवशी रशीद मिन्हास हा विशीतला विद्यार्थी टी-३३ हे शिकाऊ विमान घेऊन धावपट्टीकडे निघाला होता. मतिउरनं खूण केली. शिकवणाऱ्यानं थांबवलं म्हणून पोरगा थांबला. मतिउर मागच्या सीटवर चढला आणि विमान भारताच्या दिशेनं वळलं. विमान पळवलं जातंय, असं मिन्हासनं रेडिओवर कळवलं. आत झटापट झाली. सरहद्द साधारण ५० किलोमीटरवर राहिली असताना ठठ्ठ्याजवळ विमान कोसळलं. दोघेही गेले.

मिन्हासला पाकिस्ताननं निशान-ए-हैदर दिलं, मतिउरला बांगलादेशनं बीरश्रेष्ठ. दोन्ही आपापल्या देशाचे सर्वोच्च शौर्य सन्मान.

तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. ‘फितूर’ हा शब्द किती सहज फळ्यावर लिहिला! खाल्ल्या मिठाला जागावं, हेही मीच शिकवलं. आणि दर ९ सप्टेंबरला नंदुरबारची गोष्ट सांगताना माझाच गळा दाटायचा. १९४२ साली ‘चले जाव’ आंदोलनात शिरीषकुमार आणि त्याच्यासोबतचे चौघं गोळ्यांना बळी पडले. गोळ्या झाडणारे पोलीस मिठालाच जागले होते की. त्यातल्या एकानं बंदूक खाली ठेवली असती तर त्याला मी फितूर म्हटलं असतं? मतिउर ज्या सैन्याचं मीठ खात होता, तेच त्याच्या माणसांवर तुटून पडलं होतं. त्याला तो शब्द लावायला माझी जीभ वळत नाही.

पण मिन्हास आठवला की घास अडतो. वीस वर्षांचं पोर. त्यालाही त्याची माती होतीच.

रात्री कळण्याच्या भाकरी थापताना मायला सगळं सांगितलं. तिनं आधी विचारलं, “त्यानी बायकोनं काय व्हयनं?”

मुलींसकट मागं राहिली, म्हटलं. त्याला मसरूरलाच पुरलं होतं. जून २००६ मध्ये अवशेष ढाक्याला आणून मीरपूरला दफन केले.

“उना ना मंग घर,” माय म्हणाली. भाकरीचा तुकडा मोडला, तसाच हातात धरून बसली. जरा वेळानं म्हणाली, “आन त्या पोऱ्यानी माय?”

तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली.