मधल्या रेसचा घोळ

इंदूरला आमच्या गॅरेजवर मोटारसायकल घेऊन आलेल्या काकांची तक्रार अगदी नेमकी होती. "स्लो छान बसतो, ओढली तर बाणासारखी सुटते. पण राजवाड्याच्या गर्दीत थोड्याशा रेसवर चालवायची म्हटलं की नुसते धक्के. वर पेट्रोल खाते ते वेगळंच." स्लो म्हणजे रेस न देता इंजिन चालतं ती गती.

गाडी राजदूत ३५०. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आर.डी.वरून १९८३ साली आणली ती. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, आणि प्रत्येक सिलिंडरला आपापला कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून देणारा भाग. काकांकडची एच.टी. (हाय टॉर्क), ३०.५ हॉर्सपॉवरवाली. नंतरच्या एल.टी.मध्ये (लो टॉर्क) मायलेजपायी ताकद २७ वर उतरवली, त्यामुळे एच.टी.वाले एल.टी.वाल्यांकडे जरा वरूनच बघतात. काकाही बघतात.

बऱ्याच ठिकाणी ट्यूनिंग करून झालं होतं. प्रत्येकाने हवेचे स्क्रू थोडे इकडे, थोडे तिकडे केले आणि पैसे घेतले. स्क्रूच्या खाचा पार झिजलेल्या, त्यावरूनच किती हात लागले ते दिसत होतं.

"काका, आधी प्लग काढतो."

"काढ बाबा. तेवढंच राहिलंय."

उजवा प्लग चॉकलेटी, जरा काळपटाकडे झुकलेला. डावा पांढरट. म्हणजे डावीकडे पेट्रोल कमी, हवा जास्त. टू-स्ट्रोकमध्ये पांढरा प्लग दिसला की माझा हात आधी थांबतो, कारण तशीच गाडी पळवत राहिलं तर पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही.

डावीकडे हवा जास्त म्हटलं की पहिला संशय क्रँकच्या डाव्या सीलवर. मॅग्नेटच्या बाजूचं ते सील कडक झालं की तिथून हवा ओढली जाते. पण मग रेस सोडल्यावर स्लो खाली यायला तयार नसतो, वरच लटकतो. इथे तर रेस सोडली की इंजिन मुकाट खाली येत होतं. इनटेकच्या रबरांवर पेट्रोलचा फवारा मारून पाहिला, आवाजात काही फरक नाही. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची गॅप दोन्हीकडे ०.३५ मिलिमीटरच्या आसपास, टायमिंग जागेवर, काँप्रेशन दोन्हीकडे सारखं. हे सगळं आधी बघायचं, कार्बोरेटर शेवटी. बहुतेक ठिकाणी नेमकं उलट चालतं.

आता सिंक, म्हणजे दोन्ही कार्बोरेटर एकदम उघडतात का ते. आमच्या पोराने कुठूनतरी व्हॅक्यूम गेज मागवून ठेवलंय, ते लावायला तो केव्हाचा टपलेला. चार-स्ट्रोक गाड्यांना ते कामाचं आहे. पण रीड वाल्व्हच्या (हवा आत एकाच दिशेने सोडणाऱ्या पातळ पट्ट्या) या टू-स्ट्रोकवर सुई नुसती थरथरते, आकडा धरवत नाही, आणि गेजची नळी जोडायला तोटीही नसते. मी आपला जुन्या पद्धतीवर. एअर फिल्टरची रबरं काढायची, दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडात स्लाइडखाली (रेस दिली की वर उचलला जाणारा दट्ट्या) तीन मिलिमीटरचा एकेक ड्रिल बिट आडवा सरकवायचा आणि रेस हळूहळू द्यायची. स्लाइड उचलली की बिट सुटतो. दोन्ही बिट एकाच क्षणी सुटले तर सिंक बरोबर.

दोन्ही एकदमच सुटले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. ज्या कुणी सिंक केलं होतं त्याने चोख केलं होतं, त्या माणसाला नावं ठेवायला जागा नाही. आणि गाडी तरी धक्के देत होती.

मग रेसच्या ग्रिपवर कागदी टेपची पट्टी चिकटवली आणि पेन्सिलने खुणा केल्या: बंद, एक-अष्टमांश, पाव, अर्धी. कार्बोरेटरचा कारभार या खुणांवर वाटलेला असतो. स्लोपासून एक-अष्टमांशपर्यंत पायलट जेट (जेट म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक) आणि हवेचा स्क्रू, त्यानंतर पावच्या थोडं पुढेपर्यंत स्लाइडचा कट, मध्यावर सुई, आणि पाऊणच्या वर मेन जेट. खंडवा रोडवर तेजाजी नगरच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला. खुणेवर नजर ठेवून चालवलं. एक-अष्टमांश सरली की धक्के सुरू, पावच्या पुढे सगळं साफ. त्याच रेसवर थोडा वेळ पळवून चावी बंद केली, क्लच दाबला, कडेला घेऊन प्लग काढले. डावा आणखीच पांढरा. म्हणजे स्क्रू, सुई आणि मेन जेट तिघेही निर्दोष. उरला कट.

गॅरेजवर येऊन दोन्ही स्लाइड बाहेर काढल्या. स्लाइडची हवेकडची कड तिरकी कापलेली असते. ती किती कापलीय त्याचा आकडा स्लाइडवर कोरलेला असतो, अर्ध्या-अर्ध्याच्या पायरीने. आकडा मोठा तर हवा जास्त. उजवी जुनाट, अंगावर झिजेच्या उभ्या रेषा, त्या बॉडीच्या रेषांशी जुळणाऱ्या. डावी मात्र चकचकीत, तिच्यावर एक ओरखडा नाही, आणि आकडा उजवीपेक्षा एका पायरीने मोठा. कधीतरी डावी बदलताना दुकानात जी मिळाली ती घातली होती. उंचीला दोन्ही सारख्या, म्हणून बिटाच्या परीक्षेत पास.

"म्हणजे इतके दिवस सगळे स्क्रूच फिरवत बसले होते?" काका.

"स्क्रू बाहेरून दिसतो ना काका. स्लाइड काढायला झाकण उघडावं लागतं."

ओळखीच्या एका जुन्या स्पेअरवाल्याकडे फुटक्या कार्बोरेटरचा ढीग असतो. त्यातून उजवीच्या आकड्याची एक स्लाइड शोधली, बॉडीत ती अडकत नाही ना, फार ढिली नाही ना, हे पाहिलं आणि घेतली. स्लाइड बदलली म्हणजे सिंक पुन्हा पहिल्यापासून. मग एका बाजूची प्लग कॅप काढायची, त्या कॅपमध्ये जादा प्लग घालून तो इंजिनाला टेकवून ठेवायचा (नाहीतर कॉइल जाते), एकाच सिलिंडरवर चालवून स्लो बसवायचा. मग दुसऱ्या बाजूने तसंच. दोन्ही बाजूंचा आवाज एकसारखा लागेपर्यंत हे चाललं.

आणि ऑइल पंप. रेसची केबल या गाडीत तीन ठिकाणी जाते, दोन कार्बोरेटरांना आणि एक पंपाला. कार्बोरेटरच्या केबलीला हात लावला की पंपाच्या पुलीवरची खूण पिनशी जुळते का, हे बघावंच लागतं. काकांच्या गाडीत ती बरीच मागे होती, म्हणजे ऑइल कमी पडत होतं. सिंक चोख करणाऱ्याने हे मात्र पाहिलं नव्हतं. ऑइलवाचून इंजिन जाम होऊन सीझ झालं नाही हे काकांचं नशीब.

काका परवा येऊन गेले. प्लग दोन्ही चॉकलेटी, गर्दीत धक्के नाहीत, पेट्रोलचं रडणंही थांबलंय. आता म्हणतात, गाडी थांबतच नाही. त्यांना म्हटलं, बाहेरदेशच्या आर.डी.ला पुढे डिस्क होती, आपल्याकडे ड्रम ब्रेक देऊन पाठवली. लायनर नवे घालून देतो, पण फार अपेक्षा ठेवू नका, आणि सिग्नल जरा लांबूनच बघत जा.