प्लॉटच्या रेषा सगळ्यात शेवटी

नव्या वसाहतीचा लेआउट बहुतेक वेळा पहिल्याच रेषेत बिघडतो. आधी रस्ते आखले जातात, मग प्लॉट पाडले जातात आणि कोपऱ्यात उरलेले तिरके तुकडे ‘खुली जागा’ म्हणून दाखवले जातात. अशा तुकड्यांत ना झाड धड वाढतं, ना पाणी मुरतं. हा क्रम उलटा हवा. आधी राखायची जमीन, मग घरांच्या जागा, त्यानंतर रस्ते आणि शेवटी प्लॉटच्या हद्दी. अमेरिकन नियोजनकार रँडल अरेंट यांनी ही चार पायऱ्यांची पद्धत रूढ केली.

राखायचं काय, हे कार्यालयात बसून कळत नाही. उंचीतल्या अर्ध्या किंवा एक मीटरच्या फरकाने समपातळी रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) काढलेला नकाशा घ्या. त्यावर ओढे, पाणथळ जागा, तीव्र उतार, जुनी झाडं आणि कसदार माती वेगवेगळी दाखवा. आणि एकदा भर पावसात जमीन पायी फिरा. उन्हाळ्यातल्या मोजणीत सपाट दिसलेल्या पट्ट्यातून तेव्हा पाणी वाहत असतं, आणि नेमकी तीच वाट बुजवून वर घरं उभी राहतात. पाणी वाट विसरत नाही; पुढे ते तळमजल्यात शिरतं.

‘मग घरं कमी होतील’ ही भीती आकड्यांनी तपासावी. 10 हेक्टर जमीन आहे, रस्त्यांना 20 टक्के गेले, तर 1,000 चौरस मीटरचे 80 प्लॉट बसतात आणि काहीच उरत नाही. तेच 80 प्लॉट 500 चौरस मीटरचे करून एकत्र गुंफले, तर त्यांना 4 हेक्टर पुरतात. रस्ते आखूड होतात. त्यांना 1 हेक्टर धरा. म्हणजे घरं तेवढीच आणि 5 हेक्टर मोकळे. शिवाय जलवाहिन्या आणि गटारांची लांबीही घटते. मात्र हे 5 हेक्टर सलग हवेत, आणि जमलं तर शेजारच्या रानाला किंवा ओढ्याला जोडलेले.

नकाशात राखलेली जमीन बांधकामात मरते, हे फार वाईट वाटतं, कारण ते टाळणं सोपं असतं. झाडाची बहुतेक मुळं वरच्या साठेक सेंटिमीटर मातीत पसरलेली असतात. ओल्या मातीवरून डंपरच्या दोन-चार फेऱ्या झाल्या तरी ती दाबली जाते, मुळांना हवा मिळत नाही. झाड मात्र काही वर्षांनी वाळतं, तेव्हा कारण कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून खोडाच्या व्यासाच्या 12 पट त्रिज्येचं कुंपण घाला : 50 सेंटिमीटरच्या खोडाला 6 मीटर. ते यंत्रं येण्याआधी उभं राहिलं पाहिजे. आत सिमेंटच्या गोण्या नकोत, खडीही नको. खणलेली वरची माती मुरमात न मिसळता वेगळी रचा. ढीग दोन मीटरपेक्षा उंच नको, नाहीतर आतली माती हवेविना निर्जीव होते.

पाण्याचा हिशेब तर साधा आहे. 1,000 चौरस मीटर फरसबंदीवर 50 मिलिमीटर पाऊस पडला, की सुमारे 50,000 लिटर पाणी. ते कुठे थांबणार, हे प्लॉट विकण्याआधी नकाशावर दिसायला हवं.

राहिली मालकी. राखीव जमिनीवर बांधकाम होणार नाही, ही अट माहितीपत्रकात छापून भागत नाही. ती जमिनीच्या नोंदीत कायमची चढवा, देखभाल कोण करणार आणि पैसे कुठून येणार हे त्याच दस्तात लिहा, आणि पहिलं घर ताब्यात देण्याआधी हद्दीचे दगड रोवून घ्या. दगड नसले की दरवर्षी कुणाचं तरी कुंपण हातभर पुढे सरकतं.