शाळूला औषध मारतंय कोण?

महिन्याचं वाणसामान लिहायला आमच्याकडे तिघं बसतात. मी यादी लिहिते, नवरा मोबाइलवर भाव बघतो आणि सासूबाई दोघांच्याही चुका काढतात. अलीकडे या बैठकीत सेंद्रियचा विषय निघतो आणि मग चहा गार होतो. सगळंच सेंद्रिय घ्यायचं तर कुठे दीडपट, कुठे दुप्पट पैसे मोजायचे, आणि घराचा हप्ता तर दर महिन्याला ठरल्या तारखेला जातोच. म्हणजे काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे वेचून ठरवणं आलं.

पहिली काट ज्वारीवर बसली. दुकानात छानशा कापडी पिशवीत, हिरव्या पानाचं चित्र मिरवत सेंद्रिय ज्वारी ठेवली होती. सासूबाई मंगळवेढ्याकडच्या. त्यांनी पिशवी उलटीपालटी केली, भाव वाचला आणि म्हणाल्या, "अगं, शाळूला औषध मारतंय कोण?" अगदीच कोणी मारत नाही असं नाही, हल्ली अळी पडते, पण शाळू, म्हणजे ही रब्बीची मालदांडी ज्वारी, काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर येते आणि तिच्यावर फवारणीचा फार खर्च करणं शेतकऱ्याला परवडतच नाही. काणी हा रोग पडू नये म्हणून बियाण्याला गंधक चोळतात, बहुधा तेवढंच. नाचणीचंही जवळपास तेच. आणि पावसाळ्यात मुळशीकडच्या बायका टाकळा, कुर्डू, करटोली घेऊन बसतात, ते तर पेरलंही नव्हतं कोणी. या गोष्टींसाठी दुप्पट पैसे म्हणजे कापडी पिशवीचे पैसे.

द्राक्षांचं मात्र उलटं. ऑक्टोबरच्या छाटणीपासून बागाईतदार डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांच्या धास्तीत असतो. ढग आले की पंप सुरू. २०१० साली आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, वाढ रोखायला वापरतात त्या संजीवकाचे अंश सापडले म्हणून. निर्यातीच्या मालाचा नमुना प्रयोगशाळेत पास झाल्याशिवाय पेटी हलत नाही. आपल्या हातगाडीवरच्या द्राक्षांना असली परीक्षा द्यावी लागत नाही. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली की झालं, असं आम्हीही समजत होतो. पण धुण्यानं निघतं ते वरवरचं, झाडात भिनणारं आंतरप्रवाही औषध सालीच्या आत गेलेलं असतं. सेंद्रिय द्राक्षं सहसा मिळत नाहीत. मिळतात ती 'रेसिड्यू फ्री', म्हणजे फवारलेलीच, फक्त अंश मर्यादेत ठेवलेली. ती आम्ही कमी आणतो, पण आणतो.

गुळात सेंद्रियपेक्षा रंगाचा घोळ मोठा. पिवळाधमक गूळ बघायला देखणा, पण तो रंग बऱ्याचदा हायड्रॉस नावाच्या रसायनाचा. रस साफ करायला भेंडीचं पाणी वापरणाऱ्या गुऱ्हाळाचा काळपट गूळ मिळाला, तर शिक्का नसला तरी मला चालतो.

शिक्क्यांचं म्हणाल तर 'जैविक भारत' आहे, 'इंडिया ऑरगॅनिक' आहे, शेतकऱ्यांच्या गटानं एकमेकांना तपासून दिलेला पीजीएसचा आहे. थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला यातल्या कुठल्याच शिक्क्याची सक्ती नाही. आमच्या आठवडी बाजारातल्या पालेभाजीवाल्याकडे शिक्का नाही, जीवामृत या घरच्या खताची कृती आहे: दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती.

"जमिनीला आपल्यापेक्षा जास्त बेसन लागतंय की," नवरा म्हणाला.

"एकरी," सासूबाईंनी दुरुस्ती केली.

नवऱ्याचा हुकमी एक्का वेगळाच आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली आधीचे बरेच अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सेंद्रिय अन्न जास्त पौष्टिक असल्याचा ठोस पुरावा मिळाला नव्हता. औषधांचे अंश तेवढे कमी आढळले. म्हणजे पोषणासाठी पैसे टाकू नका, असं त्याचं म्हणणं. मला ते पटतंही. फक्त २०१७ मध्ये यवतमाळला कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, त्या बातम्या वाचल्यापासून माझा हिशोब थोडा सरकला आहे. माझ्या ताटात येतो तो अंश. पाठीवर पंप घेतलेल्या माणसाच्या नाकातोंडात जातं ते अख्खं औषध. जास्तीचे पैसे द्यायचेच तर जिथे फवारा जास्त तिथे द्यावेत, मग मला त्यातून जीवनसत्त्व मिळो न मिळो. नवरा म्हणतो, हा वाणसामानाचा खर्च नाही, देणगी आहे. असेल. वहीत तो तूरडाळीच्या नावावर पडतो, कारण तुरीवर शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी बरंच काही मारलं जातं. तर सेंद्रिय तूरडाळ, त्या बाजारातल्या पालेभाज्या, एवढं सध्या पक्कं. ज्वारी, नाचणी, साखर साधी. देशी गाईच्या तुपाचा भाव ऐकून सासूबाईंनीच पान उलटलं.

तेलाचं अजून अडलं आहे. कोपऱ्यावर लाकडी घाणा निघालाय, करडईचं तेल डोळ्यांदेखत काढून देतात. पण घाणा लाकडी म्हणून करडई बिनऔषधाची असते असं थोडंच आहे? मावा ही कीड तिच्यावरही पडते. करडई कुठली म्हणून विचारलं, तर घाणेवाला ऐटीत म्हणाला, बार्शीची. फवारलेली आहे का विचारलं, तर म्हणाला, ताई, गुरांना करडईची ढेप न्यायची का, स्वस्तात लावतो. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ढेप कोणाला घालणार, असं मी म्हणणार होते, तेवढ्यात सासूबाईंनी भाव विचारला.