राजपुत्राचं वय काय?

एकवीस वजा दहा, बरोबर अकरा. डिस्नेच्या १९९१ सालच्या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’वर जेवढी म्हणून भांडणं होतात, ती फिरून फिरून या वजाबाकीपाशी येतात. सुरुवातीला निवेदक सांगतो, की शापाने पशू झालेल्या राजपुत्राजवळचा जादूचा गुलाब त्याच्या एकविसाव्या वर्षापर्यंत टिकेल. शेवटची पाकळी गळायच्या आत त्याचा कुणावर जीव जडला आणि त्या व्यक्तीचाही त्याच्यावर जडला, तर शाप उतरेल. पुढे नायिका बेल राजवाड्यात येते, उपाशी असते, आणि मेणबत्त्यांचा दिवा होऊन बसलेला सेवक लुमिएर तिची सरबराई करता करता गाण्यात बोलून जातो, की दहा वर्षं झाली, आम्ही इथे गंज खातोय. झालं! म्हणजे शाप लागला तेव्हा राजपुत्र अकरा वर्षांचा. आपल्याकडचं पाचवी-सहावीतलं पोरगं. कडाक्याच्या थंडीत दारात आलेल्या अनोळखी म्हातारीला त्याने घरात घेतलं नाही, एवढ्यावरून त्याला शिंगं आणि शेपूट. आपण तर मुलांना बजावून जातो, की आम्ही नसताना कुणालाही दार उघडायचं नाही.

माझे भाऊजी हिशेबाच्या कामातले. त्यांचं म्हणणं, वजाबाकीच चुकली आहे. एकविसावं वर्ष लागतं ते वीस पूर्ण झाली की. तेव्हा पोरगं दहाचंच धरायला हवं. अकराचं धरणं म्हणजे त्याच्या खात्यावर एक वर्ष फुकट जमा करणं. त्यांची लेक, म्हणजे माझी भाची, आठवीत आहे आणि हा हिशेब तिला मुळातच मान्य नाही. तिचा पुरावा तैलचित्राचा. राजवाड्याच्या पश्चिमेकडच्या, जायला बंदी असलेल्या भागात ते फाडलेलं चित्र लटकतंय आणि त्यात पुरता वाढलेला, निळ्या डोळ्यांचा तरुण आहे. तिने तिथे चित्रपट थांबवला आणि विचारलं, “अगं मावशी, मग या चित्रासाठी बसलं कोण? दहा वर्षांचा मुलगा की शिंगवाला?”

या प्रश्नाला उत्तरं पुष्कळ आहेत. कुणी म्हणतं, चित्रही शापातलं, ते राजपुत्राबरोबर वाढत गेलं. कुणी म्हणतं, शापात वय थांबतं. थांबत नसेल, तर कडेचा टवका उडालेला तो चिप नावाचा कप कसा काय बसवायचा? चिप बोलतो-वागतो पाच-सहा वर्षांच्या मुलासारखा. दहा वर्षं शाप असेल आणि वय चालू असेल, तर हा मुलगा कप म्हणूनच जन्माला आला असणार, आणि त्या बाळंतपणाचा विचार कुणी फार वेळ करू नये हे बरं. पण वय थांबतं म्हणावं, तर मग राजपुत्राचं एकविसावं कसं लागलं? एक भोक बुजवावं तर शेजारी दुसरं पडतं.

माझं मत लुमिएरच्या विरोधात आहे. या गृहस्थाची साक्ष कुठल्याही कोर्टात टिकणार नाही. आपल्या पाहुणचाराची एवढी जाहिरात करतो, ताटल्या नाचवतो, चमच्यांना पाण्यात सूर मारायला लावतो, आणि गाणं संपेपर्यंत त्या बिचाऱ्या मुलीच्या पोटात बोटभर चाटण्यापलीकडे फारसं काही गेलेलं दिसत नाही. असा माणूस दहा वर्षं म्हणाला तर आपण पाच धरावीत. घरोघरी असे लोक असतात. “वर्षानुवर्षं सांगतेय” म्हणणाऱ्यांच्या वर्षांची बेरीज कुणी करत नाही.

खरी गंमत अशी, की हा हाताने काढलेला चित्रपट आहे. नटांना घेऊन केलेल्या चित्रपटात चुका कशा होतात ते समजतं. एकच प्रसंग तुकड्या-तुकड्यांत, कधी उलट्या क्रमानेही चित्रित होतो. जेवणाच्या सुट्टीनंतर नटाच्या बाहीची घडी बदलते, चहाचा अर्धा पेला पुन्हा भरतो. म्हणून तर कंटिन्युइटी सांभाळायला सेटवर खास माणूस असतो. चित्रांच्या चित्रपटात मात्र पेला आपोआप भरत नाही. तिथे कुणीतरी काढल्याशिवाय पेलाच नसतो. ८४ मिनिटांचा चित्रपट, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एक लाख वीस हजारांवर फ्रेम झाल्या. बऱ्याचदा एकच चित्र दोन फ्रेमना पुरवतात, तरी प्रत्येक चित्रावरून कुणाचा ना कुणाचा हात फिरलेला असतो. तेव्हा इथली चूक अपघाताची कमी आणि माणसाची जास्त.

बेलचंच बघा. लक्ष देऊन पाहिलं तर तिचा चेहरा सगळीकडे अगदी एकसारखा नाही. कुठे जरा भरलेला, कुठे निमुळता. कारण तिच्या चित्रणाचे प्रमुख दोन होते: जेम्स बॅक्स्टर कॅलिफोर्नियात आणि मार्क हेन फ्लोरिडात. देशाच्या दोन टोकांना बसून दोन माणसं आणि त्यांचे चमू एकच मुलगी काढत होते. हे कळल्यापासून मला त्या फरकाचं खटकणं बंद झालं आणि आता ही कुणाची बेल ते ओळखायचा नाद लागला. बहुतेक वेळा चुकीचं ओळखते, असं भाची म्हणते. तिचंही बरोबर असतं असं नाही.

आणि शेवटचा नाच. शाप उतरल्यावर बेल आणि राजपुत्र नाचतात, ती पावलं त्यांची नाहीतच. ती १९५९ च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’तल्या ऑरोरा आणि फिलिप यांच्या नाचावरून जशीच्या तशी उचलली आहेत. दोन्ही शेजारी शेजारी लावून बघावेत, गिरकीला गिरकी जुळते. चुका शोधणाऱ्यांचा हा आवडता खजिना. मला त्यात आणखीच मौज वाटते, कारण मूळ नाचात ऑरोराचा झगा नाचता नाचता रंग बदलतो! फ्लोरा परीला तो गुलाबी हवा, मेरीवेदरला निळा. दोघी कांड्या फिरवत राहतात आणि झगा गुलाबी, निळा, गुलाबी होत राहतो. दुसऱ्या कुठल्या चित्रपटात नायिकेच्या झग्याचा रंग असा बदलला असता तर चुकांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला असता. इथे त्यावरच चित्रपट संपवलाय.

आता कुणी म्हणेल, करणाऱ्यांनी एवढा विचार केलाच नसेल, आपणच रिकामटेकडे. पण त्यांनी विचार केला होता, आणि त्यापायी एक अख्खं गाणं बाहेर काढलं होतं. गीतकार हॉवर्ड ॲशमन आणि संगीतकार ॲलन मेन्केन या जोडीने ‘ह्यूमन अगेन’ नावाचं लांबलचक गाणं रचलं होतं. राजवाड्यातली भांडीकुंडी पुन्हा माणूस व्हायची स्वप्नं बघत झाडलोट करतात आणि तेवढ्यात महिने उलटतात, अशी कल्पना. अडचण अशी, की राजवाड्यात महिने उलटले तर ते गावातही उलटणार. तेवढा काळ बेलशी लग्न करायला टपलेला गावातला गॅस्टन काय करत होता? बेलचे वडील, मोरिस, मुलीला सोडवायला निघालेले. ते काय महिनोन्‌महिने जंगलात बर्फ तुडवत होते? उत्तर मिळेना, तेव्हा गाणं गेलं आणि त्या जागी ‘समथिंग देअर’ हे आटोपशीर गाणं आलं. वगळलेलं गाणं १९९४ मध्ये ब्रॉडवेच्या नाटकात वापरलं गेलं आणि २००२ च्या आयमॅक्स आवृत्तीत पडद्यावर परतलं. ॲशमन मात्र मार्च १९९१ मध्येच गेले. पूर्ण झालेला चित्रपट त्यांनी पाहिलाच नाही.

म्हणजे मोरिसच्या पायपिटीचा हिशेब केला आणि राजपुत्राच्या वयाचा राहिला. माझ्या मते याचं कारण कथेत आकडा शिरला हे आहे. फ्रेंच लेखिका मादाम द बोमाँ यांच्या १७५६ च्या याच गोष्टीत राजपुत्राचं वय नाही. तिथे एका दुष्ट परीने त्याला शाप दिला, आणि बस. बेल राजवाड्यात तीन महिने राहते एवढं सांगितलंय, आणि तीन हा परीकथेत घरचाच आकडा: तीन मुली, तीन वर, तीन महिने. त्याची कुणी बेरीज-वजाबाकी करत नाही. एकवीस आणि दहा हे सरकारी कागदावरचे आकडे वाटतात. ते दिसले की माणसाचा हात पेन्सिलीकडे जातोच.

पण म्हणून जुन्या गोष्टी सांगणारे अशा शंकांच्या पलीकडे होते असं समजू नये. फ्रेंच लेखक शार्ल पेरोने १६९७ मध्ये निद्रिस्त राजकन्येची गोष्ट छापली, त्यात ती शंभर वर्षं झोपते. जागी होते, उठते, आणि राजपुत्राच्या लक्षात येतं की हिचा पोशाख आपल्या आजीच्या काळातला आहे, उंच गळपट्टीचा. पण तो ते तिला बोलून दाखवत नाही. सव्वातीनशे वर्षांपूर्वीच्या लेखकाने शंभर वर्षांत फॅशन बदलते याची नोंद ठेवली, वर त्यातून राजपुत्राचा शहाणपणाही दाखवला! बायकोच्या कपड्यांबद्दल गप्प बसावं हे त्याला पहिल्याच भेटीत कळलं होतं.

सिंड्रेलाच्या काचेच्या बुटाचंही तसंच. १९५० च्या चित्रपटावर कायमचा आक्षेप असा, की बाराच्या ठोक्याला सगळं पूर्ववत व्हायचं ठरलंय. बग्गीचा भोपळा झाला, घोड्यांचे उंदीर झाले, झग्याच्या चिंध्या झाल्या, मग बूट कसा उरला? पेरोची गोष्ट उघडली की उत्तर सापडतं. तिथे परी छडी लावून जुन्या कपड्यांचे नवे कपडे करते, आणि त्यानंतर तिला काचेच्या बुटांची जोडी देते. दिलेली वस्तू आणि बदललेली वस्तू यांत फरक आहे. भोपळ्याला भोपळ्यात परतता येतं. बूट परतून काय होणार? चित्रपटात हे देणं-घेणं वेगळं दाखवलेलं नाही, बूट झग्याबरोबरच पायात येतात, आणि तिथेच भांडणाला जागा झाली.

(भोपळ्याच्या गाड्यांवर आक्षेप घ्यायचा आपल्याला तसाही अधिकार नाही. लेकीकडे तूपरोटी खाऊन जाडजूड झालेली म्हातारी भोपळ्यात बसून वाघाच्या समोरून टुणूक टुणूक निघून जाते, हे आपण ऐकलं, सांगितलं, आणि भोपळ्याचा घेर कधी मोजला नाही.)

बुटाबद्दलचा दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. साऱ्या राज्यात एकीलाच नेमका बसणारा बूट पळताना पायातून निसटतोच कसा? नेमका बसतो तो घट्ट राहायला हवा. ग्रिम बंधूंच्या गोष्टीत यावर जो तोडगा आहे तो वाचून मी चाट पडले. तिथे मुलगी दरवेळी निसटून जाते म्हणून राजपुत्र राजवाड्याच्या सगळ्या जिन्याला डांबर फासून ठेवतो, आणि तिचा डावा बूट त्यात चिकटून राहतो. म्हणजे चुलीपाशी गोष्ट ऐकणाऱ्यांत कुणीतरी माझ्या भाचीसारखं असणारच. तिने विचारलं असेल, “पण निसटला कसा?” सांगणाऱ्या बाईने क्षणभर थांबून जिन्याला डांबर फासलं. आणि त्या डांबरामुळे राजपुत्र नुसता देखणा न राहता जरा लबाडही झाला.

दुरुस्ती करायची तर अशी करावी. २०१७ मध्ये डिस्नेने ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ खऱ्या नटांसह पुन्हा केला, तेव्हा जुने आक्षेप जणू समोर ठेवून एकेक उत्तर दिलं. गावाला शेजारचा राजवाडा ठाऊक कसा नाही? चेटकिणीने लोकांच्या आठवणीच पुसल्या. बेलची आई कुठे? प्लेगमध्ये गेली. सगळं बरोबर आहे, पण उत्तरं देता देता चित्रपट चौकशी समितीपुढे बसल्यासारखा होतो. त्यातलं एकच उत्तर मला मनापासून पटलं. धन्याच्या चुकीसाठी नोकरांना शाप का, हा प्रश्न जुन्या चित्रपटाने मनावर घेतला नव्हता आणि मला वयापेक्षा तोच जास्त टोचायचा. स्वयंपाकघरातल्या माणसाने काय घोडं मारलं होतं? नव्यात चिपची आई, किटली होऊन बसलेली मिसेस पॉट्स सांगते, की त्या मुलाची आई गेल्यावर बाप त्याला बिघडवत होता आणि आम्ही बघत राहिलो. हे वाक्य आलं आणि किटली एकदम माणूस वाटली.

भाचीला मात्र जुनाच आवडतो, चुकांसकट. तिची सध्याची तक्रार कपाटाबद्दल आहे. जुन्या चित्रपटात मिसेस पॉट्स चिपला झोपायला पाठवते ते कपाटात, भावंडांबरोबर, आणि कपाटात कपांची रांगच्या रांग असते. शाप उतरल्यावर चिपचा मुलगा होतो, आईला बिलगतो, आणि मला अजून कपाटातच झोपायचं का, असंही विचारतो. पण बाकीच्या भावंडांचं काय झालं? एवढ्या मोठ्या नाचाच्या दालनात एकही दिसत नाही.

भाऊजी म्हणाले, ते साधे कप असतील.

“मग बाबा, ती त्यांना भावंडं का म्हणाली?”

“लाडाने म्हणाली असेल.”

“कपांना?”

“तुझी आई नाही का त्या लग्नातल्या टी-सेटला कुणाला हात लावू देत?”

यावर ताईने स्वयंपाकघरातून काहीतरी म्हटलं, ते मिक्सरच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही, आणि भाचीने चित्रपट पुन्हा कपाटाच्या प्रसंगापर्यंत मागे नेला. आता एकेक कप मोजायचा आहे म्हणे.