माझ्यानंतर वेताळ कुठे जाणार?

ओळखीतले एक काका गेले. मी भेटायला गेले तेव्हा दोन आठवडे होऊन गेले होते आणि माळा रिकामा होता. काकू म्हणाल्या, "अगं, तेराव्याला माणसं येणार, घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मुलांनी रद्दीवाल्याला बोलावलं. सगळं किलोवर गेलं." त्या माळ्यावर चांदोबाचे कितीतरी वर्षांचे अंक होते. शंकर यांनी काढलेला, खांद्यावर प्रेत घेऊन हातात तलवार धरून चालणारा विक्रम राजा मी पहिल्यांदा त्यांच्याच घरी पाहिला होता. काकूंना दोष कसा देणार? त्यात काय आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याच रात्री मी माझ्या चारही ट्रंका पलंगाखालून ओढून काढल्या.

तीन ट्रंका इंद्रजाल कॉमिक्स आणि एक चांदोबा. इंद्रजाल १९६४ मध्ये सुरू झालं, १९९० मध्ये बंद पडलं. त्यातला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, आणि जादूगार मँड्रेक हे दोघेही अमेरिकेच्या ली फॉक यांचे. पण वेताळाचा देश आपल्याकडच्या अंकांत 'डेंकाली' झाला आणि आम्हा मुलांना तो आपलाच वाटला. १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, तेव्हा तर आमच्या चाळीत अंकावरून भांडणं व्हायची. मी जमवते ते मराठी अंक. इंग्रजी अंक लोकांनी कपाटात तरी ठेवले. मराठी अंक आम्ही फाटेपर्यंत वाचले, भाड्याच्या लायब्रऱ्यांनी दहा-दहाचे गठ्ठे शिवून कडा कापल्या, आणि उरलेले दिवाळीच्या साफसफाईत गेले. म्हणूनच धडका मराठी अंक हाती लागला की मला अजून गहिवरून येतं. मुंबईत किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर आणि रद्दीच्या दुकानांत उकिडवं बसून हे एकेक जमवलेलं आहे.

आधी यादी करायला घेतली. आठवड्यात होईल असं वाटलं होतं, चार महिने लागले. मोठी वही घेतली. अंक क्रमांक, महिना, कथेचं नाव, मुखपृष्ठ आहे की नाही, पानं मोजून किती, कुठून आणला. इंद्रजालने मध्येच क्रमांकाची पद्धत बदलून खंड आणि अंक छापायला सुरुवात केली, तिथे माझी दोन पानं खोडावी लागली. पानं मोजणं फार महत्त्वाचं. पिन गंजली की मधला जोडकागद आधी सुटतो आणि हरवतो. अंक बाहेरून अगदी छान दिसतो, आणि आत ऐन मारामारीतली चार पानं नसतात. माझे असे एकोणीस अंक निघाले, आणि इतकी वर्षं मी ते पूर्ण समजत होते.

एका अंकाची पिन काढतानाचं सांगते. पिनेभोवती कागदावर तांबूस डाग पडला होता आणि कागद तिथे पापडासारखा झाला होता. अंक उताणा ठेवून चिमट्याने पिनेचे दोन्ही पाय हळूहळू सरळ केले आणि पाठीमागून ती बाहेर घेतली. नवीन पिन मारली नाही, त्याच भोकांतून सुती दोरा ओवला. मुखपृष्ठाच्या आत शाईने लिहिलेलं होतं, 'इयत्ता ५ वी ब'. नाव मात्र खोडलेलं. तो मुलगा आता साठीचा असेल.

जपणुकीचं फार लांबवत नाही. हा कागद वर्तमानपत्रासारखाच, त्याच्यात आम्ल असतं, तो पिवळा पडणारच. आपण फक्त वेग कमी करू शकतो. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका, ते परत निघत नाही. मी पीव्हीसीची पाकिटं काढून टाकली आणि पॉलिप्रॉपिलीनची आणली, मागे आम्लमुक्त पुठ्ठा घातला. कसर लागू नये म्हणून ट्रंकेच्या कोपऱ्यात पुरचुंडीत वेखंड, आई लुगड्यांत ठेवायची तसं. पावसाळ्यात ट्रंक उघडायची नाही.

मग घरात बोलले. हे बोलणं मी वर्षानुवर्षं टाळलं होतं. लेक म्हणाली, "आई, मला हे आवडतात ते तू वाचून दाखवायचीस म्हणून. मला त्यातले पाच दे. बाकीचे माझ्या दोन खोल्यांत मी नाही गं सांभाळू शकणार." मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ती खरं बोलली म्हणून पुढचा रस्ता दिसला. एक विक्रेता येऊन गेला. त्याला फक्त निवडक चाळीस अंक हवे होते. पैसे बरे देत होता, पण ते चाळीस गेले की उरलेल्यांना कुणी हात लावला नसता. मी नाही म्हटलं.

पहिल्या ग्रंथालयात गेले तर "कॉमिक्स आम्ही घेत नाही" असं उभ्या-उभ्या सांगितलं. वही उघडूनही पाहिली नाही. दुसऱ्या ठिकाणी ग्रंथपाल बाईंनी आधी यादीच मागितली. तासभर वही चाळली आणि विचारलं, "भाड्याच्या लायब्रऱ्यांचे शिक्के आहेत त्यांचीही नोंद केलीत का?" तेव्हाच माझं मन ठरलं. आम्ही चार गोष्टी कागदावर लिहून घेतल्या: अंक घरी न्यायला द्यायचे नाहीत, कडा कापून बाइंडिंग करायचं नाही, मुखपृष्ठावर शिक्का मारायचा नाही, आणि पुढेमागे ठेवणं जमलं नाही तर काढून टाकण्याआधी माझ्या लेकीला कळवायचं.

वकिलांनी एक चांगली गोष्ट समजावली. जंगम, म्हणजे हलवता येणारी, वस्तू हयातीत नुसती हातात सुपूर्द करूनही दान होते, फक्त पोच घ्या. म्हणून चांदोबाची ट्रंक आत्ताच देऊन टाकली. इंद्रजाल अजून माझ्याकडे, ते सोडवत नाही. त्यांच्यासाठी मृत्युपत्र केलं. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. नोंदणी सक्तीची नाही, मी तरी करून घेतली. 'माझी पुस्तकं' असं मोघम न लिहिता वहीचा उल्लेख केला आणि तिची प्रत परिशिष्ट म्हणून जोडली. लेकीचे पाच अंक क्रमांकासकट वेगळे लिहिले.

पण मृत्युपत्र उघडेपर्यंत तेरावा होऊन गेलेला असतो. म्हणून तिन्ही ट्रंकांच्या झाकणावर बाहेरूनच कागद चिकटवलाय, मोठ्या अक्षरात: 'ही रद्दी नाही. वही देवघराखालच्या खणात आहे. आधी लेकीला फोन करा.' खाली तिचा नंबर. परवा भांडी घासायला येणाऱ्या ताईंनी तो मोठ्याने वाचला आणि विचारलं, "यात काय आहे ओ काकू?" मी ट्रंक उघडली आणि त्यांना वेताळाच्या कवटीच्या अंगठीचा ठसा दाखवला.