ममदानी कंट्रोलर आणि न हलणारी मोटर

फझी कंट्रोलच्या (‘थोडं’, ‘बरंच’ अशा ढोबळ शब्दांतल्या नियमांनी यंत्र चालवण्याच्या) प्रत्येक कोर्समध्ये ‘ममदानी’ हे नाव येतं, पण त्या नावाचं पुण्याशी नातं आहे हे सहसा कुणी सांगत नाही. इब्राहिम ममदानी यांचा जन्म १९४२ सालचा, टांझानियातला. इंजिनिअरिंग केलं पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयात. १९६६ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजातून पीएचडी करून तिथेच शिकवू लागले. १९९५ मध्ये इम्पीरियल कॉलेजात प्राध्यापक झाले, तेही टेलिकॉमचे!

त्यांचं गाजलेलं काम म्हणजे विद्यार्थी असिलियन यांच्यासोबत प्रयोगशाळेतल्या छोट्या वाफेच्या इंजिनावर केलेला प्रयोग. तो १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. बॉयलरची उष्णता आणि थ्रॉटल (वाफेची झडप) हाताळून दाब आणि वेग सांभाळायचा होता. समीकरणांऐवजी नियम होते, तेही अनुभवी ऑपरेटर बोलेल तसे: दाब बराच कमी आहे आणि झपाट्याने सावरत नाही, तर उष्णता चांगलीच वाढव.

इथे ‘वाढव’ हा शब्द महत्त्वाचा. नियमातून किती उष्णता द्यायची हे निघत नव्हतं, ती किती बदलायची हे निघत होतं. रोबोटचा सांधा फिरवताना नवखे नेमकं हेच विसरतात.

१२ व्होल्टची गिअर मोटर घ्या. एररची (लक्ष्य आणि सध्याचा कोन यांतल्या फरकाची) पट्टी ±२० अंश धरून ती −१ ते १ वर आणा. तिला ‘शून्य’, ‘थोडं धन’ अशी सात लेबलं लावायचा मोह टाळा, पाच पुरतात. त्यांची शिखरं, म्हणजे जिथे लेबल पूर्ण लागू होतं ते बिंदू, −१, −०.५, ०, ०.५, १ वर. एरर १ अंश उरली आणि हात थांबला, की इनपुट ०.०५ होतं. ‘शून्य’ला ०.९ आणि ‘थोडं धन’ला ०.१ मेंबरशिप मिळते, म्हणजे तेवढ्या प्रमाणात ते लेबल लागू होतं. शिखरांची भारित सरासरी ०.०५, म्हणजे मोटरला ०.६ व्होल्ट. घर्षण तोडायला दीड व्होल्ट लागत असेल तर मोटर नुसती गुणगुणते आणि तो एक अंश तसाच राहतो. मग लोक नियम बदलत बसतात. नियमांचा काही दोष नसतो.

तोच निकाल व्होल्टेजमधला बदल म्हणून घ्या. कमाल बदल दर १० मिलिसेकंदाला ०.५ व्होल्ट ठेवला, तर ०.०५ चे ०.०२५ व्होल्ट होतात. शून्यापासून साठ पावलांत, ०.६ सेकंदात, दीड व्होल्ट जमतो. मात्र या बदलांच्या बेरजेला, म्हणजे मोटरच्या व्होल्टेजला, ±१२ ची मर्यादा हवीच. हात कुठे अडकला आणि बेरीज मोकाट वाढत राहिली, तर सुटल्यावर तो लक्ष्य ओलांडून पार पुढे जातो. ओव्हरशूट दिसला तर आधी तो ०.५ चा आकडा कमी करा, नियमांच्या तक्त्याला शेवटी हात लावा.

दुसरा त्रास एन्कोडरचा, म्हणजे कोन मोजणाऱ्या सेन्सरचा. फेरीला १४४० काउंट म्हणजे एका काउंटला पाव अंश. सेकंदाला १० अंश वेगात १० मिलिसेकंदात हात ०.१ अंशच सरकतो, त्यामुळे एररमधला बदल (कंट्रोलरचं दुसरं इनपुट) कधी ० दिसतो, कधी ०.२५, आणि कंट्रोलर उगाच दचकतो. पाच नमुन्यांमागचं वाचन वजा करा: ५० मिलिसेकंदात बरोबर दोन काउंट येतात.

एवढं करूनही हात लक्ष्याभोवती पुढेमागे डुलत असेल, तर एरर ±०.५ अंशात आली की बेरीज गोठवा.